सौ. सु. द. कु.

बनशंकरी सेकंड स्टेजमधल्या आमच्या घरात सर्वांत जास्त जागा अडवणारी आणि सर्वांत कमी वेळा कामाला येणारी कोण, असं विचारलं तर सगळेजण स्वयंपाकघराच्या माळ्याकडे बोट दाखवतील. तिथे भिंतीला पाठ लावून ती उभी असते. परात. पितळी, चांगली दीड हात रुंद, काठ बाहेरच्या अंगाला वळवलेला. खाली काढायची तर एकाने स्टुलावर चढायचं आणि दुसऱ्याने खाली हात पसरून उभं राहायचं. हल्ली बंगळुरात पितळेला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. दिवाणखान्यात पितळी उरळी ठेवून तिच्यात पाणी आणि शेवंतीच्या पाकळ्या सोडायची पद्धत आहे. माझ्या एका मैत्रिणीने परातीकडे त्याच नजरेने पाहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिच्यात कणीक भिजते. फुलं भिजवायला नाही आणली तिला."

स्वभावाने ती मानी आहे. सिंकमध्ये मावायचं तिने कधीच कबूल केलं नाही, त्यामुळे तिला मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर न्यावं लागतं. ओट्यावर ठेवली तर अर्धी शेगडी झाकते. चार दिवस लक्ष दिलं नाही की काळवंडते, मग चिंच-मीठ घेऊन मनधरणी. पितांबरीने काम लवकर होतं, पण सासूबाईंच्या मते चिंचेची झळाळी वेगळी. आंबट काही तिच्यात ठेवून विसरलात तर ते कळकणार, हा तिचा कायदा, आणि त्याला अपवाद नाही. हातातून सुटली तर पडून गप्प बसत नाही. काठावर उभी राहते, स्वयंपाकघरभर गरगर फिरते आणि कुणी हात ठेवून थांबवेपर्यंत बोलत राहते. शेजारच्या अज्जी कंपाउंडपलीकडून "एनायतु?", काय झालं, असं विचारतात तेव्हाच आम्हाला कळतं की बाईंचा आवाज अजून खणखणीत आहे.

काठाच्या खालच्या बाजूला, बोट फिरवलं तर लागेल अशी, तिच्या अंगावर अक्षरं आहेत. आताच्या मशीनची सलग रेघ नव्हे. छिन्नीचं टोक ठेवून एकेक टिंब ठोकत काढलेली. 'सौ. सु. द. कु. ता. १६-५-६४.' नाव घालणारा अक्षरावर पैसे घेई, म्हणून सासूबाईंच्या आईने एवढ्यावरच भागवलं.

त्या तारखेला सांगलीत सासूबाईंचं लग्न झालं. परात बाजारातून आली ती त्याआधी. नाव काय ठेवायचं ते सासरहून पोस्टकार्डाने कळवलं होतं, कारण भांड्यांवर नावं घालून घ्यायची होती. म्हणजे झालं असं की लग्नाआधीच्या आठवड्यात माजघरात मांडून ठेवलेली परात 'सौ. सु. द. कु.' होऊन बसली होती आणि मुलगी अजून आपल्या जुन्या नावाने हाका ऐकत, आईच्या हातचं जेवत होती. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहायचा कार्यक्रम नंतर झाला. सासूबाई सांगतात, "मी जाऊन वाचून आले होते. ही कोण बाई, म्हटलं."

प्रश्न रास्त होता. अक्षरं एकेक करून पाहा. 'सौ.' नवऱ्याच्या हयातीपुरतं. 'सु.' सासरच्यांनी पसंत केलेलं. 'द.' नवऱ्याचं. 'कु.' त्याच्या घराण्याचं. जिच्या मालकीची खूण म्हणून हे सगळं ठोकलं, तिने जन्मापासून वागवलेलं एकही अक्षर त्यात नाही. आणि तरीही परात तिचीच, याबद्दल दोन्ही घरांत कुणालाही शंका नव्हती.

परातीची पहिली कामगिरी मात्र नवऱ्या मुलाची. लग्नात तिच्यात पाय ठेवून माझे सासरे उभे राहिले आणि सासूबाईंच्या आईवडिलांनी ते धुतले. पुढे त्याच परातीत साठ वर्षं कणीक मळली गेली. ती मधे घासली होती का, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या मोठ्या ग्रंथात असं मांडलं की माणूस ज्या ज्या गोष्टीला 'माझं' म्हणू शकतो त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्याचा 'मी'. वस्तू वाढल्या की तो फुलतो, गेल्या की खचतो. विचार मोलाचा आहे, आजही मालकी आणि ओळख यांच्याविषयी लिहिणारे तिथूनच सुरुवात करतात. पण त्याने दिलेली यादी वाचताना मला हसू आलं. शरीर आणि मन झाल्यावर कपडे, घर, मग बायको-मुलं, पूर्वज, मित्र, नावलौकिक, जमिनी, घोडे, शेवटी नौका आणि बँकेतलं खातं. बायको घराच्या पाठोपाठ आणि घोड्यांच्या बरीच आधी येते, एवढं समाधान. दुसऱ्याच्या यादीत बसलेल्या बाईची स्वतःची यादी काय असेल, याकडे जेम्स वळत नाही. सासूबाईंची यादी १९६४ साली अशी होती: ही परात, दोन कळशा, एक पातेलं, तांब्या-भांडं, पंचपात्र, आणि अंगावरचं सोनं. सोन्याच्या चाव्या सासऱ्यांच्या आईकडे.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर यादी लहान असली तरी भक्कम होती. मनुस्मृतीचा कल असा की बायको, मुलगा आणि दास यांनी मिळवलेलं धन ते ज्याचे असतील त्याचंच. पण साधारण नऊशे वर्षांपूर्वी चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात, कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली आणि स्त्रीधनाचं कुंपण बरंच लांब नेऊन ठोकलं. माहेरून आलेलं, लग्नात मिळालेलं तर तिचंच, पण वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलंही तिचं. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी त्या कुंपणाचे खांब बहुतेक ठिकाणी पुन्हा आत घेतले. मग म्हैसूर संस्थानाने, म्हणजे बनशंकरीची ही जमीन ज्या राज्यात होती त्याने, १९३३ मध्ये हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या दिशेने पाऊल पडायला १९३७ उजाडावं लागलं. ते पाऊल मुंबईच्या डॉ. गो. वि. देशमुखांचं, आणि त्यातही विधवेला मिळाला तो हयातीपुरता हक्क. सुधारणा म्हणजे पुणे-मुंबई असं ऐकत मी वाढले. म्हैसूरचा हा कायदा मला इथे राहायला आल्यावर, सासूबाईंच्या कागदपत्रांच्या निमित्ताने कळला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने 'हयातीपुरता' हे शेपूट तोडलं. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन सासरी असलं तरी नवरा फक्त ते सांभाळणारा, मालक ती.

तेव्हा परातीचा दर्जा लक्षात घ्या. बनशंकरीतला हा प्लॉट बीडीएने, म्हणजे बंगळूर विकास प्राधिकरणाने, दिला तो सासऱ्यांच्या नावावर. इथे प्लॉट म्हणत नाहीत, साइट म्हणतात. घराचं खातं, गॅसचं कार्ड, टेलिफोन, स्कूटर, विजेचं मीटर, सगळं त्यांच्या नावावर. फाटकावरच्या ग्रॅनाइटच्या पाटीवरही तेच. या वास्तूत वावरणारी, सासऱ्यांचा कसलाही हक्क न चालणारी एकच मोठी वस्तू माळ्यावर होती.

ती बंगळुरात आली १९७२ साली, मिरजेहून, मीटरगेजच्या गाडीने, सतरंजीत गुंडाळून. सासऱ्यांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. आधी भाड्याची घरं झाली, मग बनशंकरी. सासऱ्यांचं म्हणणं, साइट कुठे का मिळेना. सासूबाईंचं म्हणणं, देवीने बोलावलं. आमचं कुलदैवत बदामीची बनशंकरी. इथलं कनकपुरा रोडवरचं देऊळ १९१५ सालचं, आणि त्यातली देवीही बदामीकडचीच. राहुकाळ म्हणजे आपल्याकडे सगळी शुभ कामं टाळायची वेळ, तर इथे नेमक्या त्याच वेळी बायका अर्ध्या लिंबाच्या उलट्या वाटीत वात लावून रांगेत उभ्या. मेट्रोचं स्टेशन झाल्यापासून गर्दी आणखी वाढली आहे. सासूबाईंनी पहिल्याच शुक्रवारी लिंबू कापलं. परात या सगळ्याला पौषात हजेरी लावते. शाकंभरीच्या नवरात्रात बदामीला एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य असतो. आमच्याकडे एकवीसवर तडजोड होते, पण त्या एकवीस निवडून, चिरून एकत्र मावतील असं भांडं घरात दुसरं नाही.

मधल्या काळात स्टीलची लाट येऊन गेली. जुनं पितळ वजनावर घालायचं आणि चकचकीत डबे घ्यायचे, असं सगळ्या गल्लीने केलं. कल्हईवाला यायचा बंद झाला तशी आमच्याकडचीही कळशी गेली, पातेलं गेलं. परातही एकदा दुकानाच्या तराजूपर्यंत जाऊन आली. सासूबाईंनी ती उलटी करून पाहिली आणि परत आणली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हिच्यावर तारीख आहे."

त्या तारखेचा उपयोग व्हायला मात्र खूप वर्षं जावी लागली.

सासऱ्यांच्या पश्चात सासूबाई श्रीमती झाल्या. आधार कार्डावर, बँकेत, पेन्शनच्या कागदावर बदल झाले. परात सौभाग्यवतीच राहिली. पहिल्या वर्षी कुणी तरी नातेवाईक बाईने ते दाखवून हळूच काही म्हटलंही. सासूबाई म्हणाल्या, "तिचा नवरा कुठे गेलाय?"

आणि मग माहेरहून फोन आला. सांगलीकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वडिलांनंतर वारस म्हणून भावांबरोबर बहिणींची नावं लागलेली. आता भावाच्या मुलांना जमिनीचं काही करायचं होतं आणि त्यासाठी आत्यांचं हक्कसोडपत्र हवं होतं. महाराष्ट्रात हा कागद ठाऊक नाही अशी बहीण सापडणार नाही. बहीण निबंधकाच्या कार्यालयात जाते, भावाच्या प्रेमाखातर आपला हिस्सा सोडते, साडी घेऊन परत येते. सासूबाईंची तयारी होती. "आम्हाला दिलंच की तेव्हा," त्या म्हणाल्या आणि माळ्याकडे पाहिलं. लग्नात दिलेली भांडी म्हणजेच मुलीचा वाटा, हा हिशेब त्यांच्या पिढीच्या रक्तात आहे. सहा एकरांच्या जमिनीत पडणाऱ्या हिश्श्याच्या बदल्यात एक परात. मी गप्प बसले, सुनेने गप्प बसायचे काही प्रसंग असतात.

पण अडलं भलतीकडेच. सातबाऱ्यावर लागलेलं नाव माहेरचं होतं, कारण नोंद करताना भावाने बहिणीचं त्याच्या ओळखीचं नाव सांगितलं. आधार कार्डावर सासरचं. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा. लग्नाची नोंदणी १९६४ साली कोण करत होतं! निमंत्रणपत्रिका पुरात गेली. तिकडच्या कार्यालयाने विचारलं की जिच्या नावावर हक्क आहे ती ही बाई कशावरून. हक्क भोगताना हा प्रश्न उभ्या हयातीत कुणी विचारला नव्हता. सोडताना विचारला.

वकिलांनी सांगितलं, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. नावबदल कोणत्या तारखेपासून ते त्यात घालावं लागेल, काही पुरावा असला तर बरं. त्या संध्याकाळी नवऱ्याने स्टुलावर चढून परात खाली काढली. मी मोबाइलची बॅटरी लावली, त्याने अक्षरांवरून ओलं फडकं फिरवलं, आणि आम्ही फोटो घेतले. परातीचा एवढा मान पूर्वी कधी झाला नव्हता. बीडीए कॉम्प्लेक्सजवळच्या नोटरीने फोटो पाहिला, मोठा केला, पुन्हा पाहिला. भांडं पुरावा म्हणून जोडता येत नाही, असं तो कन्नडमध्ये म्हणाला, पण तारीख तिथूनच उतरून घेतली. मुद्रांकाच्या कागदावर छापलं गेलं की अमुक कुमारी आणि तमुक श्रीमती या दोन नसून एकच आहेत. सासूबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग सही केली, आणि अंगठाही दिला, मागितला नसताना.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत, लवकर झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून कायद्याचं विचारलं. त्याने जे सांगितलं ते असं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा द्यायचा कायदा महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने एकाच वर्षी, १९९४ मध्ये केला. दोघांनीही त्यात एकच मेख मारली: ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्या मुली वगळून. म्हणजे परातीवरची तारीखच त्यांच्या आड आली असती. २००५ साली केंद्राने कायदा बदलला तेव्हा ही मेख उपटली गेली. आता लग्न कधी झालं याचा संबंध नाही.

"म्हणजे चौसष्ट असलं तरी चालतं," त्या म्हणाल्या.

"चालतं."

"मग मीच ती आहे हे आत्ता सिद्ध झालंय, तर लगेच सोडायचं कशाला?"

प्रतिज्ञापत्र सांगलीला गेलं नाही. ते कपाटात आहे. भावाला त्यांनी कळवलं की कागदाला वेळ लागतोय. खोटं नव्हतं, वेळ त्याच लावत होत्या. मला विचाराल तर त्यांना जमीन नकोच आहे. ऐंशीच्या घरातली बाई सांगलीला जाऊन ऊस लावणार नाही. पण काही हातात धरल्याशिवाय ते सोडता येत नाही, आणि या बाईच्या हातात ती गोष्ट इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी मला गांधी बझारला नेलं, परात घेऊन. रिक्षात ती आमच्या दोघींच्या मधे बसली. भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन घेऊन एक पोरगा बसला होता. दुकानातून घेतलेल्या भांड्यावर नाव फुकट, बाहेरच्या भांड्यावर पैसे. सासूबाईंनी माहेरचं नाव सांगितलं.

"इनिशियल येनम्मा?" त्याने विचारलं. इकडे आपलं नाव शेवटी पूर्ण, त्याआधी गावाचं किंवा बापाचं, लग्न झालं असेल तर कधी नवऱ्याचं अक्षर.

"इनिशियल इल्ल."

नुसत्या नावाच्या चार बायका एका गल्लीत सापडतील, भांडं हरवलं तर कोणाचं म्हणून द्यायचं, असं त्याचं म्हणणं. बोलण्यात व्यवहार होता. सासूबाईंनी विचारलं, "ही परात उचलून कोण पळणार आहे?" त्याने ती एका हाताने हलवून पाहिली आणि वाद सोडला. नाव पूर्ण घातलं, कन्नड लिपीत, कारण त्याला तीच सराईत. जुन्या टिंबांच्या बरोबर समोर, काठाच्या दुसऱ्या टोकाला. त्या दोन्हींच्या मधोमध हात धरून परात उचलावी लागते, त्यामुळे उचलणाऱ्याला दोन्ही एकदम दिसत नाहीत. नाव कोणतं ते मी इथे लिहीत नाही. विचारलंत तर त्या सांगतील, परातीवर आहे, वाचून घ्या.

नणंद पुण्याची. तिला फोटो पाठवला तर तिचा फोन आला: नाव घालायचंच होतं तर माझं का नाही घातलंस, परात शेवटी मलाच यायची ना? हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर १९५६ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे मुलगा, मुलगी आणि नवरा यांचा हक्क सारखा. म्हणजे माझ्या नवऱ्याची अर्धी परात. हे मी मनात म्हटलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मी आहे अजून. तुझ्या घरात ती मावणार कुठे, ते आधी सांग."

सासूबाईंचा भाऊ पौषात येतो म्हणाला आहे, समक्ष बोलायला. तेव्हा इथे अवरेकाईचा मोसम असतो. गांधी बझारात ढीग लागतात, घराघरात बायका शेंगा सोलून, दाणे रात्रभर भिजवून, एकेक दाणा बोटाने पिचकवून सालातून बाहेर काढत बसतात. किलोभर दाण्याला दुपार जाते. सासूबाईंनी मला पाच किलो शेंगा सांगून ठेवल्या आहेत. परात मधे ठेवायची, एका बाजूला मी, एका बाजूला तो, म्हणाल्या. शेंगा संपेपर्यंत जमिनीचं काढायचं नाही.

"आणि संपल्या की?"

"पाच किलो आहेत गं," त्या म्हणाल्या. "आणि त्याला सवय नाही."